खरा आकडा लिहू की रेशनचा? (वस्तीतली इंटर्नशिप, मदत हवी आहे)

शाईपेन

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण थोडक्यात सांगता येईना.

मी टी.वाय. बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र. नवीन शैक्षणिक धोरणामुळे या सेमिस्टरला इंटर्नशिप आहे, 4 क्रेडिटची, म्हणजे 120 तास. आमच्या सहा जणींच्या गटाने 'शहरी दारिद्र्य आणि विषमता' हा विषय घेतला. पुण्यातलीच एक वस्ती, ओढ्याच्या कडेला, साधारण ऐंशी घरांची. नाव मुद्दाम लिहीत नाही.

कॉलेजने 46 प्रश्नांचा फॉर्म दिलाय. वर छापलंय 'झोपडपट्टी सर्वेक्षण'. पहिल्याच दिवशी एका आजींनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वस्ती लिही." तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर ते खोडून मी पेनाने 'वस्ती' लिहिते.

पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात येतं. आठला बायका कामाला बाहेर पडतात आणि दुपारी दोननंतर परततात, त्यामुळे बोलायला खरा वेळ नळावरच मिळतो. एक मावशी आहेत, त्यांच्याशी माझं चांगलं जमलं. पहिला आठवडा मला मॅडम म्हणायच्या, आता पोरी म्हणतात. त्या दिवशी एका हातात पाइप धरून पिंप भरत होत्या आणि मी शेजारी फॉर्म भरत होते. प्रश्न 17 : कुटुंबाचे एकूण मासिक उत्पन्न. मावशींनी पाइप हंड्यात सोडला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठला लिहिणारेस? खरा की रेशनचा?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. आपल्याकडे शहरात प्राधान्य कुटुंबाचं धान्य मिळायला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. महिन्याला पाच हजारांहूनही कमी. मावशी चार घरची धुणीभांडी करतात : 1,800, 1,500, 2,000 आणि 1,200. झाले 6,500, वर्षाचे 78,000. म्हणजे नवऱ्याने दिवसभर घरी बसायचं ठरवलं तरी एकट्या मावशीच मर्यादा ओलांडतात. नवरा मजूर अड्ड्यावर उभा राहतो. काम मिळालं तर दिवसाचे 800, आणि गेल्या महिन्यात 14 दिवस मिळालं. सगळं मिळून 17,700. घरात पाच माणसं. खोलीचं भाडं 5,000.

त्यांच्या दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. घरातले सगळे कागद तीत. फोटोपास (वस्तीतल्या घराचं सरकारी ओळखपत्र) घरमालकाच्या नावावर, लाइटबिलही त्याच्याच नावावर, भाडेकरार नाही. मावशींच्या स्वतःच्या नावाचा, पत्ता असलेला जुना कागद एकच, रेशनकार्ड. आधार, मुलीचा शाळेतला दाखला, दवाखान्यातली सवलत, सगळं त्या एका कार्डावरून पुढे सरकलेलं. माणशी पाच किलो धान्य तर आहेच.

आणि आमच्या फॉर्मवर पहिली ओळ आहे 'कुटुंबप्रमुखाचे पूर्ण नाव व मोबाइल क्रमांक'. सोबत घरासमोरचा फोटो. अहवालाची एक प्रत स्थानिक कार्यालयात 'माहितीसाठी' द्यायची आहे.

मी अजून प्रश्न 17 रिकामा ठेवलाय. खरा लिहिला तर मावशींचं नुकसान होऊ शकतं. खोटा लिहिला तर मग मी करतेय तरी काय? मार्गदर्शक मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "सांगतील ते लिहा." पण मावशींनी दोन्ही सांगितलेत.

पायवाट

वाचतोय. सहा जणींपैकी निदान एकीला हा प्रश्न पडला याचं बरं वाटलं.

जुनी वही

शाईपेन, तुझ्या प्रश्नाला पुण्यात मोठा इतिहास आहे, म्हणून जरा मागे जातो.

डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली 1936-37 मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. घरोघरी जाऊन, कोण काय कमावतं, कुठे राहतं, काय खातं. तेव्हाही तुझ्यासारखेच तरुण तपासनीस पेठांमधून फिरले असणार. पुढे त्याच संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दिवसाला 2,250 उष्मांक मिळायला किती खर्च लागतो, हा त्यांचा पाया. 1960-61 च्या किमतींना महिन्याला माणशी खेड्यात 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. त्याखाली खेड्यातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली सुमारे 50 टक्के माणसं आहेत, असं त्यांनी दाखवलं. शहरातलं प्रमाण जास्त निघालं हे नीट लक्षात घे. गरिबी म्हणजे खेडं, असंच तेव्हा धरून चालायचे.

आता मावशींचा हिशेब लावून बघ. 17,700 भागिले पाच, महिन्याला माणशी 3,540, म्हणजे दिवसाला 118. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी शहरातली दारिद्र्यरेषा माणशी दिवसाला 33 रुपयांच्या आसपास आली होती, रंगराजन समितीने ती 47 केली. त्यानंतरची महागाई धरून रेषा दुप्पट केलीस तरी मावशी तिच्या वरच राहतात. म्हणजे दारिद्र्यरेषेच्या हिशेबात त्या गरीब नाहीत, आणि भाडं देऊन उरलेल्या 12,700 मध्ये पाच माणसांना महिना काढायचाय. उष्मांकावर आधारलेल्या रेषेत पुण्यातल्या खोलीचं भाडं, कामावर जायचं बसभाडं, संडासाचे पैसे हे कधी नीट बसलेच नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खरा आकडा लिही. प्रत्येकाने रेशनचाच आकडा लिहिला, तर 59,000 ची मर्यादा किती अपुरी आहे हे कुठल्याच कागदावर दिसणार नाही. ती वाढायला हवी असेल तर खरे आकडे कुठेतरी नोंदलेले पाहिजेत.

कालव्याकाठी

जुनी वही, तुमचा मुद्दा कळतो. पण खऱ्या आकड्याची जोखीम मावशींनी घ्यायची आणि मर्यादा वाढली तर ती पुढच्या कुणासाठी, असं होतंय.

मी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत वाढले. 27 सप्टेंबर 2018 ला मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा मी बारावीला होते. सकाळी अकराच्या सुमाराला पाणी आलं. पाऊस नाही, काही नाही, लख्ख ऊन पडलेलं आणि घरात छातीपर्यंत पाणी. माझ्या वह्या, आईची शिवणाची मशीन, महिन्याचं रेशन, सगळं गेलं. त्यानंतरच्या आठवड्यात आईने एकच माहिती चार वेळा सांगितली. आधी पंचनाम्याला आले, मग एका संस्थेचे, मग कुणीतरी पक्षाचे, मग कॉलेजची मुलं. चौथ्या वेळी आई बोलताना चिखलातून तांदळाचा डबा काढत होती आणि समोरचा मुलगा विचारत होता, "घरात टीव्ही आहे का?" टीव्ही त्याच्या पायाजवळ उपडा पडला होता.

शाईपेनवर राग नाही, ती निदान विचारतेय. पण लहानपणापासून मी इतके फॉर्म बघितलेत की दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, नुसतं नाव काढून भागत नाही. ऐंशी घरांच्या वस्तीत "पाच माणसं, नवरा अड्ड्यावर, बाई चार घरची धुणीभांडी, भाड्याची खोली" असं लिहिलंस की सगळ्यांना कळतं कोण ते.

दोन, अहवालाच्या शेवटी "त्यांचं कष्टाचं आयुष्य बघून मला माझ्याकडे जे आहे त्याची किंमत कळली" हे वाक्य कृपा करून लिहू नकोस. एकदा आमच्या वस्तीवरचा अहवाल वाचायला मिळाला होता, त्यात होतं. माझी आई त्यासाठी चिखलात उभी नव्हती.

सहावा तास

मी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि दरवर्षी अशा गटांची मार्गदर्शक असते. कालव्याकाठी, तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि आम्ही शिक्षकच तो सर्रास विसरतो.

शाईपेन, तुझ्यासाठी करता येण्यासारखं सांगते. आकडा खराच लिहायचा, ओळख मात्र कागदावर येता कामा नये. फॉर्मवर नावाच्या जागी क्रमांक टाक. कुठला क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या वहीत, ती वही तुझ्या घरी, आणि काम संपल्यावर फाडून टाकायची. मोबाइल नंबर घेऊच नकोस, त्याचा अभ्यासाला काडीचा उपयोग नाही. अहवालात एकेका घराचं वर्णन देऊ नकोस. उत्पन्न गटांत दे आणि एका गटात निदान दहा घरं येतील एवढे मोठे गट कर. वस्तीचं नाव नको, प्रभागाचंही नको. फोटो काढायचाच असेल तर नळाचा काढ, रस्त्याचा काढ.

आणि 'सांगतील ते लिहा' यावर समाधान मानू नकोस. मॅडमकडे परत जा, पण तोंडी नको, लेखी अर्ज घेऊन जा. आम्हा शिक्षकांसमोर कागद आला की आम्हाला उत्तर द्यावं लागतं. स्थानिक कार्यालयाला प्रत द्यायची असेल तर फक्त एकत्रित तक्ते द्या, भरलेले फॉर्म नाहीत, एवढं एक वाक्य मंजूर करून घे.

एक विचारते. गटचर्चा कधी घेतलीत?

शाईपेन

ताई, खूप खूप आभार. अर्ज आजच लिहिते. कालव्याकाठी, तो टीव्हीचा प्रसंग वाचून फॉर्म परत बघितला. 'घरातील वस्तू' या सदरात 14 प्रश्न आहेत. पाण्यावर एकच.

गटचर्चेबद्दल विचारलंत. मंगळवारी सकाळी अकराला घेतली, कारण मॅडमना तीच वेळ मोकळी होती. नऊ बायका आल्या. काल कळलं की त्यातल्या चौघींचा त्या दिवसाचा खाडा पडला. एकीला कामाच्या घरच्या बाईंनी सांगितलं, "मीटिंगला जायचं तर पगार कापणार." दीड तासाच्या चर्चेत आम्ही त्यांना वडापाव आणि चहा दिला. माझ्या 120 तासांमध्ये ते दीड तास लिहिले गेले. त्यांचे कुठेच लिहिले गेले नाहीत. कालपासून हेच डोक्यात आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही.

पत्रा पुठ्ठा

मी काही वर्षं कचरावेचकांबरोबर काम केलंय, म्हणून एक जुनी हकीकत सांगतो, तुला उपयोगी पडेल.

एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागातल्या शिक्षिका 1990 च्या आसपास वेचक बायका आणि त्यांच्या मुलांना शिकवायला जायच्या. त्या नुसत्या वर्ग घेऊन थांबल्या नाहीत, बायकांबरोबर प्रत्यक्ष कचरा वेचायला गेल्या. तिथे त्यांना दिसलं की घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर हात घाण होत नाहीत, वेळ वाचतो आणि भंगाराला भावही बरा येतो. मग काही बायकांना सोसायट्यांमधून थेट सुका कचरा मिळवून दिला. थोड्याच दिवसांत एका उद्योजकाने गाडी लावून तेच काम सुरू केलं, बायकांच्या पोटावर पाय आला आणि बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून 1993 मध्ये मेळावा झाला, आठशेच्या वर वेचक जमले आणि बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली. आज दारात कचरा घ्यायला येणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था त्याच मुळातून आलेली आहे, आणि तिचे मालक वेचकच आहेत.

पंचायतीने मोजमाप भरपूर केलं. पण काय मोजलं ते बघ. बायका किती गरीब आहेत एवढ्यावर ती थांबली नाही. त्या रोज किती किलो माल उचलतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे मोजलं. मग त्याच आकड्यांच्या जोरावर ओळखपत्रं मागितली, विमा मागितला. 2002-03 पासून पुणे महापालिका नोंदणीकृत वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला लागली.

तुझ्या फॉर्ममध्ये मावशींकडे काय नाही त्याचे प्रश्न आहेत. मावशी किती काम करतात आणि त्यावर कोणाचं घर चालतं, याचा एक तरी प्रश्न आहे का?

डहाणूकर कॉलनी

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझ्याकडे बावीस वर्षं एक ताई कामाला येतात. मी खाडे कापते. महिन्याला दोन सुट्ट्या, त्यावर पैसे कापायचे, असंच सासूबाईंपासून चालत आलंय आणि मी कधी वेगळा विचार केला नाही. माझ्या ऑफिसात मला वर्षाला भरपगारी रजा आहेत, आजारपणाच्या वेगळ्या. हे दोन्ही शेजारी ठेवून मी आज पहिल्यांदा बघितलं.

शाईपेन, तुमचा विषय 'दारिद्र्य आणि विषमता' आहे ना? विषमतेला दोन टोकं लागतात. मग आमच्या सोसायटीत फॉर्म घेऊन कुणी का आलं नाही? तुम्ही या. आमच्या बिल्डिंगमध्ये मी तुम्हाला घेऊन जाईन.

कालव्याकाठी

डहाणूकर कॉलनी, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझ्या आईनेही शिवणाच्या आधी घरकाम केलंय.

एक माहिती, कारण ही पुण्याचीच गोष्ट आहे आणि फार कमी जणांना ठाऊक असते. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला होता. पगारवाढ हवी, हक्काची सुट्टी हवी. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये आला. पण मंडळात नोंदणी झाली म्हणून खाडा कापणं थांबत नाही. तो हिशेब अजूनही ओट्यापाशी उभं राहूनच होतो.

जुनी वही

सोसायटीत जायची कल्पना उत्तम. मी माझ्या वरच्या प्रतिसादातही सगळा हिशेब मावशींचाच केला, हे आत्ता लक्षात आलं. कालव्याकाठी, तुमचं म्हणणं मान्य. जोखीम कुणाची हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

शाईपेन

धागा वर काढतेय. तीन आठवडे लागले.

अर्ज दिला. नावं, मोबाइल, फोटो तिन्ही निघाले. कार्यालयाला फक्त तक्ते जाणार, हे मॅडमनी सही करून दिलं. जुन्या फॉर्मवरची नावं आम्ही सहा जणींनी बसून काळ्या मार्करने खोडली आणि मग त्या ओळी कापूनच टाकल्या, कारण उजेडात धरलं की मार्करखालून वाचता येत होतं. प्रश्न 17 मध्ये खरे आकडे आले. गट मोठे केले, कुठल्याही गटात दहापेक्षा कमी घरं नाहीत.

वस्तू मोजणारे 14 प्रश्न कमी करून तीन ठेवले. त्यांच्या जागी पाण्याला किती तास, रेशनच्या रांगेत किती वेळ, एका खेपेत काम होतं का, असे प्रश्न घातले. यात एक गोष्ट निघाली जी मला सुचलीच नसती. धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजतात, मग रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. मावशी आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळून झोपतात आणि दुकानात पदराने अंगठा घासघासून पुसतात. तरी नाही लागला तर नवऱ्याला न्यायचं, म्हणजे त्याचा अड्ड्यावरचा दिवस गेला.

दुसरी गटचर्चा रविवारी दुपारी चारला, त्यांनी सांगितलेल्या वेळेला, मावशींच्याच दारात घेतली. पहिल्या वेळी ज्या चौघींचा खाडा पडला त्यांचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. दोघींनी घेतले. दोघी म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी विचारून ये.

आणि सोसायटी. डहाणूकर कॉलनी, तुमच्यामुळेच आत जाता आलं, नाहीतर वॉचमन सोडत नव्हता. 11 घरं झाली. फॉर्म तोच, प्रश्न 17 तोच. वस्तीत 62 घरांनी उत्पन्न सांगितलं, एकानेही नकार दिला नाही. सोसायटीत 11 पैकी दोघांनी सांगितलं. बाकीचे म्हणाले, "हे कशाला हवंय?" एका काकांनी आधी माझं आयकार्ड मागितलं, मग कॉलेजचं पत्र, मग विचारलं की ही माहिती कुठे ठेवणार आणि कुणाला दाखवणार. सगळे प्रश्न योग्य होते. वस्तीत आम्हाला हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं. अहवालातलं एक अख्खं प्रकरण मी यावर लिहिलंय. मॅडमनी त्याच्या समासात 'हे ठेवा' असं लिहिलंय.

खाड्याचा तक्ताही केला. वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या 31 जणींपैकी किती जणींना महिन्याला किती सुट्ट्या, दिवाळीला काय मिळतं, आजारी पडल्यावर काय होतं. नावं नाहीत, घरांचे पत्ते नाहीत. शनिवारी नळावर मावशींना तो वाचून दाखवला. चार सुट्ट्या भरपगारी मिळणाऱ्या सहा जणी आहेत, हे ऐकून त्यांनी पाइप बाजूला ठेवला. आपल्याच वस्तीत सहा जणींना हे मिळतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. दोनदा विचारलं, "सहा? नक्की?"

मग म्हणाल्या, "एवढं तेवढं वेगळ्या कागदावर लिहून दे. मोठ्या अक्षरात. माझ्या चारही घरी दाखवते."

चार प्रती काढून ठेवल्यात. उद्या पाण्याच्या वेळेला देऊन येते.

डहाणूकर कॉलनी

एक प्रत माझ्यासाठी काढशील का? बिल्डिंगच्या बायकांना दाखवायची आहे. आणि आमच्या ताईंना या महिन्यापासून चार, आजच सांगितलं.